स्क्रिप्टमध्ये एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल आत गेल्यावर जातं कुठे?

पत्र: ताई नमस्कार, मी सोलापूरची, पुण्यात एका छोट्या कंपनीत लागून चार महिने झाले. विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हेग्रंट वापरून उबुंटूचं व्हीएम (लॅपटॉपच्या आत चालणारं वेगळं लिनक्स मशीन) उभं करायचं काम माझ्याकडे आलंय. प्रोव्हिजनिंगच्या (व्हीएममध्ये लागेल ते सगळं बसवणाऱ्या) शेल स्क्रिप्टमध्ये जावा_होम आणि डीबी_यूआरएल ही दोन व्हेरिएबलं (जावा कुठे आहे आणि डेटाबेसचा पत्ता काय ते सांगणारी) एक्सपोर्ट केली, स्क्रिप्टच्या शेवटी एको केलं, म्हणजे किंमत स्क्रीनवर छापली, तर व्यवस्थित दिसतं, पण व्हेग्रंट एसएसएच करून आत गेलं की रिकामं. मग स्क्रिप्टमधूनच बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना वाचतं त्या फाइलीत) ओळी टाकल्या, तरी रिकामं. शेवटी आत जाऊन हाताने बॅशआरसीत टाकलं तर टर्मिनलला दिसायला लागलं, पण आमची सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) म्हणते डेटाबेसचा पत्ताच नाही. सिनियर म्हणाले सुडो (मुख्य ॲडमिन म्हणून कमांड चालवायची सोय) लावून बघ, लावलं तर परत गायब. तीन दिवस झाले, आता वाटायला लागलंय की आपल्याला हे जमणारं नाही. काय चुकतंय?

उत्तर:

अगं, ते जमणं न जमणं आधी बाजूला ठेव. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि तू एकाच प्रॉब्लेममध्ये तीन दिवस अडकलीस असं मला वाटत नाही, तू एकामागोमाग एक चार वेगवेगळ्या खड्ड्यांत पडलीस आणि चारही वेळा स्क्रीनवर दिसलं एकच, रिकामी ओळ. त्यामुळे वाटतं की आपण तिथेच आहोत. (फाइलींची नावं आणि कमांडी मी बोलते तशा देवनागरीत लिहितेय, टाइप करताना तू आपली नेहमीसारखी कर.)

मुळात एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल ही मशीनची मालमत्ता नाहीच. आपण बोलताना "मशीनवर सेट केलं" म्हणतो ना, तिथूनच सगळी गडबड सुरू होते. प्रत्येक चालू प्रोसेसकडे (चालू असलेल्या प्रोग्रामकडे) तिची स्वतःची एक यादी असते आणि ती यादी तिला जन्माच्या वेळी, जिने तिला जन्म दिला त्या प्रोसेसकडून, कॉपी होऊन मिळते. शिदोरी समज. पोरगं गावाला निघालं की आई जे बांधून देईल ते त्याचं. त्यानं वाटेत एसटी स्टँडवर वडापाव घेऊन शिदोरीत टाकला तर तो घरच्या डब्यात येऊन पडत नाही, आणि तो निघून गेल्यावर घरी पुरणपोळ्या झाल्या तरी त्या धावत जाऊन त्याच्या शिदोरीत बसत नाहीत. एक्सपोर्ट या कमांडचा अर्थ फक्त एवढाच की "हे माझ्या पुढच्या पोरांच्या शिदोरीत पण बांध". युनिक्समध्ये १९७९ च्या सातव्या एडिशनपासून हे असंच चालत आलंय, त्यामुळे तुझ्या सिनियरच्या सिनियरनेही कधीतरी यावरच डोकं आपटलेलं असणार.

आता तुझा पहिला खड्डा बघ. व्हेग्रंट तुझी स्क्रिप्ट उचलतो, व्हीएममध्ये /टेम्प/व्हेग्रंट-शेल म्हणून कॉपी करतो, सुडोने रूट (मुख्य ॲडमिन) म्हणून चालवतो आणि काम झालं की ती प्रोसेस मरते. मेली म्हणजे तिची शिदोरीपण गेली. तू शेवटी जो एको केलास तो तिच्याच पोटात केलास, तिथे दिसणारच. मग तू व्हेग्रंट एसएसएच करतेस तेव्हा एक नवंच शेल जन्माला येतं, त्याचा त्या स्क्रिप्टशी नात्याचा काही संबंध नाही. म्हणजे तुझं एक्सपोर्ट बरोबर चाललं होतं, फक्त ते ऐकायला जिवंत कोणी उरलं नव्हतं. म्हणून प्रोव्हिजनिंगमध्ये नुसतं एक्सपोर्ट करायचं नसतं, कुठल्यातरी फाइलीत लिहून ठेवायचं असतं, म्हणजे नंतर जन्माला येणारा जो कोणी असेल तो ती फाइल वाचेल. आणि "जो कोणी" म्हणजे नक्की कोण हा प्रश्न आधी विचारायचा असतो, तो कोणी विचारत नाही, सरळ बॅशआरसीवर उडी मारतात.

तू पण मारलीस, आणि दुसऱ्या खड्ड्यात गेलीस. आत्ताच्या आत्ता एक काम कर, व्हीएममध्ये जाऊन सुडो टेल /रूट/डॉट बॅशआरसी बघ. तुझ्या दोन ओळी तिथे शांतपणे पडलेल्या असतील. स्क्रिप्ट रूट म्हणून चालते, त्यामुळे तू टिल्डे (~, म्हणजे चालवणाऱ्या यूजरचं घर) लिहिलंस की ते /रूट होतं, /होम/व्हेग्रंट नाही. तू रूटच्या घरात चिठ्ठी ठेवून आलीस आणि वाचणारी राहते शेजारच्या घरात. मी हेच केलंय, आणि वर शहाणपणा असा की डबल बाण (>>) वापरून फाइलीच्या शेवटी जोडत होते, दिसत नाही म्हणून परत प्रोव्हिजन, परत प्रोव्हिजन, दोन दिवसांनी रूटची बॅशआरसी उघडली तर तीच ओळ खाली खाली खाली, पाथमध्ये (कमांडी कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीत) तर एकच फोल्डर इतक्या वेळा की स्क्रीनवर मावेना. तेव्हा त्या चार ओळींपायी मी अख्खं व्हीएम दोनदा पाडून परत बांधलं होतं.

यावर सोपा उपाय आहे, व्हेग्रंटफाइलमध्ये (व्हेग्रंटच्या सेटिंगच्या फाइलीत) त्या प्रोव्हिजनरला, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या भागाला, प्रिव्हिलेज्ड फॉल्स देता येतं, मग स्क्रिप्ट व्हेग्रंट यूजर म्हणून चालते. पण मग प्रत्येक अ‍ॅप्ट इन्स्टॉलला सुडो लावत बसावं लागतं, आणि खरं सांगायचं तर बॅशआरसी ही जागाच या कामाची नाही. ती तू समोर बसून टाइप करतेस त्या शेलसाठी आहे. उबुंटूच्या बॅशआरसीत सुरुवातीलाच अशी अट असते की हे शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत जा, त्यामुळे तुझी शेवटी जोडलेली ओळ बाकीच्यांपर्यंत पोचतच नाही. सर्व्हिस, क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा), दुसरी स्क्रिप्ट, कोणीच ती वाचत नाही. एलियास (कमांडींची टोपणनावं) वगैरे ठेव त्यात.

मग कुठे टाकायचं. माणसं लॉगिन करून टर्मिनलमध्ये वापरणार असतील (तुझं जावा_होम या जातीचं आहे) तर /एटसी/प्रोफाइल डॉट डी या फोल्डरमध्ये स्वतःची एक छोटी फाइल टाक, नाव काही पण, शेवट मात्र डॉट एसएच असाच हवा नाहीतर उबुंटू तिच्याकडे ढुंकून बघत नाही. सगळ्या यूजरची लॉगिन शेलं ही फाइल वाचतात, व्हेग्रंट एसएसएच पण लॉगिन शेलच उघडतं, म्हणजे काम झालं. आणि ही फाइल लिहिताना एकच बाण (>), म्हणजे दर वेळी जुनी पुसून नवी. शंभर वेळा प्रोव्हिजन कर, ओळी दोनच राहतील. फाइल पूर्ण तुझी आहे, त्यात दुसऱ्या कोणाचं काही नाही, पुसायला भीती कसली.

इथे कोट्सची एक भानगड आहे, तिच्यावर जरा थांबूया कारण पुढचा खड्डा तिथेच आहे. समज तुला फाइलीत लिहायचंय की पाथ म्हणजे जुना पाथ आणि त्याला जोडून जावाचं बिन. तू एकोमध्ये डबल कोट्स वापरलेस तर डॉलर पाथ (म्हणजे पाथची सध्याची किंमत) तिथल्या तिथे, प्रोव्हिजनिंग चालू असतानाच उलगडतो, तोही रूटचा पाथ, आणि फाइलीत तो गोठलेला उतारा जाऊन बसतो. उद्या कोणीतरी पाथमध्ये दुसरं काही जोडलं की तुझी फाइल ते पुसून टाकणार आणि तो बिचारा तीन दिवस शोधत बसणार. सिंगल कोट्स वापरलेस तर डॉलर पाथ ही अक्षरं जशीच्या तशी फाइलीत जातात आणि लॉगिनच्या वेळी उलगडतात, तुला हेच हवंय. कॅट आणि हियरडॉक (ईओएफ या दोन खुणांमधल्या ओळी एकदम फाइलीत लिहायची पद्धत) वापरत असशील तर नियम तोच, सुरुवातीच्या ईओएफला सिंगल कोट्स घातले की आतलं काही उलगडत नाही, नाही घातले की सगळं उलगडतं. डीबी_यूआरएलचं मात्र उलटं, ती किंमत स्क्रिप्टला बाहेरून मिळणार आणि ती आत्ताच उलगडून फाइलीत बसली पाहिजे. म्हणून दोन्ही प्रकार एका हियरडॉकमध्ये कोंबू नकोस, दोन वेगळे कर, वाचणाऱ्यालापण कळतं.

आणि हे सगळं व्हेग्रंटफाइलमध्येच इनलाइन लिहिलं असशील तर अजून एक थर चढतो, कारण ती फाइल रूबी या प्रोग्रामिंग भाषेतली आहे. रूबीचा हियरडॉक बॅकस्लॅश स्वतः खाऊन टाकतो, तू डॉलर वाचवायला बॅकस्लॅश लावतेस, शेलपर्यंत तो पोचतच नाही. इनलाइन दोन ओळींपुरतं ठीक आहे, त्याच्या वर गेलं की वेगळी सेटअप डॉट एसएच कर आणि व्हेग्रंटफाइलमध्ये तिचा पाथ, म्हणजे फाइलीचा पत्ता, देऊन बोलव.

/एटसी/एन्व्हायरन्मेंट ही दुसरी जागा, तुला कोणीतरी सुचवेलच. चांगली आहे पण एक लक्षात ठेव, ती शेल स्क्रिप्ट नाही. ती पॅम नावाची लॉगिनची यंत्रणा वाचते, आत साध्या नाव-बरोबर-किंमत अशा ओळी हव्यात, डॉलर पाथ लिहिलंस तर ते उलगडणार नाही आणि मग त्या मशीनवर एलएस पण सापडेनासं होतं, हे बघायला फार मजा येते, दुसऱ्याच्या मशीनवर. नवीन लॉगिन झाल्याशिवाय बदल दिसत नाही, आणि व्हेग्रंट दोन प्रोव्हिजनरच्या मध्ये एसएसएच कनेक्शन तसंच धरून ठेवतो, म्हणून पहिल्याने या फाइलीत लिहिलेलं दुसऱ्याला दिसलं नाही तर पहिल्याला रीसेट ट्रू दे.

आता तुझी सर्व्हिस, जी मला वाटतं खरी डोकेदुखी आहे. टर्मिनलला दिसतं पण सर्व्हिसला दिसत नाही, कारण सर्व्हिस तुझ्या टर्मिनलची पोरगी नाहीच. तू सिस्टिमसीटीएल स्टार्ट म्हणतेस तेव्हा तू फक्त निरोप देतेस, जन्म देते ती सिस्टिमडी, सगळ्या सर्व्हिस सांभाळणारी, जी मशीन बूट झालं तेव्हापासून एक नंबरची प्रोसेस म्हणून बसलेली आहे. तिने ना तुझी बॅशआरसी वाचलीय ना प्रोफाइल डॉट डी ना /एटसी/एन्व्हायरन्मेंट. तिला युनिट फाइलमध्येच (ती सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेल्या फाइलीत) सांगावं लागतं. सर्व्हिस सेक्शनमध्ये एन्व्हायरन्मेंट बरोबर असं लिहून थेट किंमत देता येते, पण मी म्हणेन एन्व्हायरन्मेंटफाइल वापर, आणि फाइल /एटसी/डिफॉल्ट मध्ये सर्व्हिसच्या नावाने ठेव, उबुंटू-डेबियनमध्ये तीच रीत आहे. फाइलीत एक्सपोर्ट हा शब्द लिहायचा नाही, लिहिलास तर सिस्टिमडी ती ओळ चुकीची म्हणून सोडून देते, लॉगमध्ये एक बारीकशी कुरकुर करते आणि पुढे जाते. युनिट फाइल बदललीस तर डेमन-रीलोड आणि मग रीस्टार्ट, नुसती ती एन्व्हायरन्मेंटची फाइल बदललीस तर रीस्टार्ट पुरे. पण रीस्टार्ट हवाच, निघून गेलेल्या पोराची शिदोरी आठवते ना.

थेट युनिटमध्ये का नको म्हणते तर तुझ्या डीबी_यूआरएलमुळे. पासवर्डमध्ये ॲट चिन्ह असलं की यूआरएलमध्ये ते टक्का-४० असं लिहावं लागतं, आणि युनिट फाइलमध्ये टक्क्याला स्वतःचा वेगळा अर्थ आहे, तिथे तो दोनदा लिहावा लागतो. वेगळ्या फाइलीत ही कटकट नाही. शिवाय त्या फाइलीची मालकी रूटकडे आणि परमिशन ६०० ठेवता येते, सिस्टिमडी स्वतः रूट असल्याने तिला वाचता येते, बाकी कोणाला नाही. प्रोफाइल डॉट डी मधलं सगळं मात्र त्या मशीनवरचा कोणीही वाचू शकतो, पासवर्ड तिथे नको.

सुडोचं थोडक्यात. सुडो मुद्दामच शिदोरी जवळजवळ रिकामी करून पाठवतो, त्याला एन्व्ह_रीसेट म्हणतात, सुरक्षेसाठी आहे, दोष नाही. मायनस ई लावलं की (तुझ्या यूजरला परवानगी असेल तर) जुनी शिदोरी बरोबर जाते, पण त्यावर कायमचं घर बांधू नकोस. आणि तपासताना एक मोठा चकवा आहे, सुडो एको डॉलर-डीबी_यूआरएल असं करून बघितलंस तर किंमत दिसेल आणि तू म्हणशील अरे सुडोला तर मिळतंय! तो डॉलर तुझ्याच शेलने सुडोच्या आधी उलगडलेला असतो. सुडो प्रिंटएन्व्ह डीबी_यूआरएल कर, मग खरं कळतं. हाच चकवा गिट बॅशमधून (विंडोजवरच्या बॅश शेलमधून) व्हेग्रंट एसएसएच मायनस सी डबल कोट्समध्ये दिल्यावर बसतो, डॉलर तुझ्या लॅपटॉपवरच उलगडतो आणि तू व्हीएमला शिव्या देत बसतेस.

बाहेरून किंमत आत न्यायची तर व्हेग्रंटने सोय दिलीय, शेल प्रोव्हिजनरला एन्व्ह म्हणून नाव आणि किंमतीच्या जोड्या देता येतात, कोट्स वगैरे तो स्वतः सांभाळतो. रूबीमध्ये एन्व्ह डॉट फेच वापरून लॅपटॉपवरची किंमत उचल, म्हणजे ती नसेल तर तिथेच बोंबलेल, रिकामी किंमत गुपचूप आत जाणार नाही. पण हेही स्क्रिप्ट चालू असेपर्यंतच टिकतं, तिने ते फाइलीत उतरवून ठेवायचं. असं केलं की डेटाबेसचा पासवर्ड व्हेग्रंटफाइलमध्ये आणि पर्यायाने गिटमध्ये (सगळ्यांच्या सामायिक कोडच्या साठ्यात) जात नाही. लोक म्हणतात डेव्हलपमेंटचाच तर पासवर्ड आहे, आणि मग तोच पासवर्ड वर्षभराने कुठे कुठे सापडतो ते विचारू नकोस. उद्या कंपनीने तुला ॲमेझॉनच्या ईसीटूवर (भाड्याने मिळणाऱ्या क्लाउडमधल्या मशीनवर) हेच करायला सांगितलं तर तिथे यूजर डेटा म्हणून स्क्रिप्ट देतात, पहिल्या बूटला रूट म्हणून चालते, मर्यादा १६ केबी, आउटपुट /व्हार/लॉग मधल्या क्लाउड-इनिट-आउटपुट लॉगमध्ये सापडतं, पण यूजर डेटात पासवर्ड लिहू नकोस, त्या मशीनवरून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारलं की तो परत वाचता येतो. बाकी कथा हीच, नुसतं एक्सपोर्ट केलेलं तिथेही स्क्रिप्टबरोबर मरतं.

तू विंडोजवर आहेस म्हणून एक जाता जाता. नोटपॅडमध्ये बनवलेली किंवा गिटने विंडोजच्या पद्धतीने उतरवलेली फाइल असली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर येतं. प्रोव्हिजनरच्या मूळ स्क्रिप्टमधून व्हेग्रंट ते आपणहून काढून टाकतो, पण त्या स्क्रिप्टने शेअर केलेल्या /व्हेग्रंट फोल्डरमधली दुसरी फाइल सोर्स केली तर तिला कोणी हात लावत नाही, आणि मग किंमत दिसायला अगदी बरोबर पण डेटाबेस म्हणतो असं नावच नाही. कॅट मायनस ए कर, ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपी आणि एम दिसला की चोर सापडला.

तपासायचं कसं, तर एको करून नाही. जी प्रोसेस तक्रार करतेय तिलाच विचार. सर्व्हिसचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) काढ आणि /प्रॉक मध्ये त्या नंबरच्या फोल्डरात एन्व्हायरन नावाची फाइल आहे ती सुडोने वाच, जन्माच्या वेळची शिदोरी जशीच्या तशी तिथे असते. ओळी चिकटलेल्या दिसतील, टीआर वापरून शून्य कॅरॅक्टरच्या जागी नवी ओळ टाक. सिस्टिमसीटीएल शो वर भरवसा ठेवू नकोस, एन्व्हायरन्मेंट हा गुणधर्म मागितलास तर फक्त युनिटमध्ये थेट लिहिलेलं दाखवतो, फाइलीतून आलेलं नाही.

व्हेग्रंट म्हणजे भटक्या, विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुठल्याही लॅपटॉपवर उभं राहणारं मशीन अशी मूळ कल्पना, त्यामुळे तू आत जाऊन हाताने जे बॅशआरसीत टाकलंस ते काढून टाक. ते तुझ्या एकटीच्या व्हीएमवर आहे, तुझ्या बाजूच्या मुलाने उद्या व्हेग्रंट अप केलं की त्याच्याकडे ते नसणार. आणि हो, नुसतं व्हेग्रंट अप दुसऱ्यांदा केलं की प्रोव्हिजनिंग परत चालत नाही, ते पहिल्यांदाच चालतं. स्क्रिप्ट बदलून तू नुसतं अप करत असशील तर त्या तीन दिवसांतला बराच वेळ जुन्याच स्क्रिप्टच्या नावाने गेलेला असेल. व्हेग्रंट प्रोव्हिजन कर.

सगळं लिहून झालं की डेटाबेसमध्ये कामाचं काही नाही ना बघ, मग व्हेग्रंट डिस्ट्रॉय आणि परत अप. बॉक्स आधीच उतरवलेला आहे, अ‍ॅप्टची पॅकेजं उतरेपर्यंत चहा होतो. आत हात न लावता जावा_होम टर्मिनलला आणि डीबी_यूआरएल प्रॉकमधल्या त्या फाइलीत दिसलं की गिटमध्ये टाक. नाही दिसलं तर स्क्रिप्ट आणि त्या फाइलीचं आउटपुट मला पाठव, पासवर्ड खोडून.